घरसभा सुरू करायची आहे : चार माणसं आणि एक बाज

सावेडीकर

जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकीच्यांना नमस्कार.

मूळचा नगरचा. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र नगरच येतं. चार वर्षं झाली, हिंजवडीत फेज तीनपाशी राहतोय. बायको, मी आणि सहा वर्षांची मुलगी. मराठी उपासनेला कॅम्पात जायचं तर रविवारी सकाळीसुद्धा तास मोडतो. आधी दर रविवारी जायचो, मग महिन्यातून दोनदा, आता नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर. "बरेच दिवस दिसला नाहीत" असं कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? दारात पाळकसाहेबांशी हात मिळवून बाहेर पडणाऱ्या गर्दीतला मी एक.

लहानपणी आमच्याकडे बुधवारी घरसभा असायची. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी बघून आमच्या घराची पाळी लागायची. साडेसातला दाराबाहेर चपलांचा ढीग. पेटी मंडळीची (म्हणजे चर्चची), या घरून त्या घरी सायकलच्या कॅरियरवर जायची. तिची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. वाजवणारे सर गाता गाता ती नखाने उचलायचे आणि सूर न सोडता पुढे जायचे. पुठ्ठे निघालेली 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहाची पुस्तकं हातोहात फिरायची, कुणीतरी नंबर सांगायचं. वाचन, दोन शब्द, प्रार्थनेच्या विनंत्या, मग चहा आणि खारी. आम्हा पोरांचा जीव खारीत.

२०१९ ला वडील गेले. त्यानंतर वर्षभर मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की नुसता राग यायचा. तेव्हा मी नगरलाच होतो. बुधवारची मंडळी येत राहिली. कुणी मला समजावलं नाही, बायबलातल्या ईयोबाची, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या माणसाची, गोष्ट सांगितली नाही (सांगितली असती तर उठून गेलो असतो). एक मावशी शेजारी बसायच्या, आणि प्रार्थनेची वेळ आली की हळूच म्हणायच्या, "तू नको करू. आम्ही करतो." बस, एवढंच. मी भिंतीला टेकून बसायचो. एका बुधवारी लक्षात आलं की गाण्याचं तिसरं कडवं मीही म्हणतोय. आधीची दोन कधी सुरू झाली ते आठवत नाही.

बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून येशूकडे आणतात. गर्दीत शिरता येत नाही म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशू त्या माणसाशी बोलला तो "त्यांचा विश्वास पाहून". बाजेवरच्याचा विश्वास किती होता याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही. ते वर्षभर मी त्या बाजेवर होतो, असं मला वाटतं.

तर आता इथे घरसभा सुरू करायची आहे. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत मिळून मराठी ख्रिस्ती घरं पाच. एक वसईचं कॅथलिक कुटुंब, एक मिरजेच्या नर्सबाई एकट्या राहतात, बाकी नगर-संगमनेरकडचे. विचारायचं आहे ते असं : दर आठवड्याला ठेवावी की पंधरा दिवसांनी? सोसायटीच्या कमिटीला आधी सांगावं का? कॅथलिक-प्रोटेस्टंट एकत्र जमेल का? आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की हा चकाट्या पिटण्याचा अड्डा होऊ नये.

पेटीमास्तर

तुमच्या त्या सरांना माझा दंडवत. अडकलेली पट्टी नखाने उचलत गाणं ही विद्या आहे.

तीस वर्षं घरसभांना पेटी वाजवतोय, त्या जोरावर सांगतो. घरसभा मारते ती खाण्याची चढाओढ. पहिल्या घरी चहा-खारी. दुसऱ्या घरी वाटतं, नुसती खारी कशी द्यायची, मग सामोसे. तिसऱ्याकडे सँडविच आणि केक. पाचव्या घरापर्यंत बिर्याणी. सहाव्या घरची बाई पाळी आली की "पाहुणे आहेत हो, पुढच्या महिन्यात बघू" म्हणते. तो पुढचा महिना येत नाही, आणि काही दिवसांनी ती बाईही येईनाशी होते. सगळ्यांना वाटतं तिचा विश्वास थंडावला. अहो, थंडावली ती तिची चूल. आमच्या एका गटाने शेवटी ठरवलं : चहा आणि मारी बिस्कीट, वाढदिवस असला तरी. त्या दिवसापासून सगळ्या घरांच्या पाळ्या लागल्या.

दुसरं, गिटार आणि पडद्यावरचे शब्द पहिल्या दिवशी नकोत. लोक पडद्याकडे बघतात, एकमेकांकडे नाही. आणि पट्टी खालची धरा. दिवसभर काम करून आलेल्या माणसाचा आवाज वर जात नाही.

मोगरा_७२

चकाट्यांची काळजी रास्त आहे, आणि माझ्याकडे तिचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी (गावाचं आणि मंडळीचं नाव घेत नाही) माझ्या मुलीचा संसार मोडायच्या बेतात होता. एका सभेत मी रडत रडत सांगितलं. बुधवार होता. रविवारी उपासनेनंतर दुसऱ्या गावच्या बाईंनी माझे हात धरले, "तुमच्या लेकीसाठी आम्हीपण प्रार्थना करतोय हं." मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते. चारच दिवसांत माझ्या लेकीचं दुःख तालुका ओलांडून गेलं होतं, आणि प्रत्येकाने ते प्रार्थनेची विनंती म्हणूनच पुढे दिलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. लेक माझ्याशी दोन महिने बोलली नाही. मी सभेला जाणं सोडलं ते सहा वर्षं.

परत आले ती दोन मैत्रिणींमुळे. सभा वगैरे काही नाही, मंगळवारी दुपारी तिघी स्वयंपाकघरात बसायचो, एक भाजी निवडायची. आमचा नियम होता, अजूनही आहे : विनंती ज्याची त्यानेच सांगायची. दुसऱ्याची सांगायची तर आधी त्याला विचारून. आणि इथे सांगितलेलं नवऱ्यालाही सांगायचं नाही. शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू.

आळीतली_पोर

वसईकडून हजेरी 🙂

सावेडीकर, तुमच्या शेजारच्या त्या वसईच्या कुटुंबाला बिनधास्त बोलवा, येतील. फक्त त्यांची रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि तुमची वेळ एकमेकांवर येऊ देऊ नका.

आमच्याकडे आळीच्या तोंडाशी क्रूस असतो. मे महिन्यात संध्याकाळी तिथे सगळी आळी रोझरीला (माळ ओढत म्हणायच्या प्रार्थनेला) जमते. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन, पोरं क्रूसाच्या चौथऱ्यावर, पुरुष मागे मोटरसायकलला टेकून. ऑक्टोबरात मारिया माऊलीची मूर्ती घरोघरी फिरते, आज आमच्याकडे, उद्या शेजारी. कुणाकडे मयत झाली तर त्या घरी चूल पेटवायची वेळच येत नाही, शेजारून डबे येतात, आणि पुढे काही दिवस संध्याकाळी त्याच घरी रोझरी. माझे आजोबा गेले तेव्हा आजीला एकटं बसून रडायला मिळालं नाही, अशी तिची तक्रार होती. वर्षभराने म्हणाली, "बरं झालं, नाही मिळालं ते."

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगते. कॉलेजात असताना मला देवाधर्माचा कंटाळा आला होता. दोन रविवार मिस्सा चुकवली तर फादरांच्या आधी दूधवाल्याला कळलं! आमच्याकडे विश्वास ढळायलासुद्धा एकांत मिळत नाही. आता लग्नानंतर विरारच्या टॉवरमध्ये आहे, सतराव्या मजल्यावर. इथे एकांतच एकांत. मागच्या वर्षी मी आजारी होते तेव्हा धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल या सेवाभावी संस्थेच्या दोघी घरी आल्या. त्यांच्यात जोडीनेच जायची पद्धत आहे. त्यांनी औषधं विचारली, गॅसवर पेज ठेवली, दहा मिनिटं प्रार्थना केली. एवढं बरं वाटलं की मी त्यांना थांबवूनच ठेवलं.

कोरडा_चहा

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच नाही म्हटलं तरी चालेल. धागा आवडला म्हणून विचारतो, खोचकपणा समजू नका.

माझी आजी रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला जायची. तिलाही शेजारणी न्यायला यायच्या. पण मला कायम वाटत आलंय, श्रद्धा ही ज्याची त्याची. चार लोकांनी उचलून धरल्याशिवाय जी उभी राहत नाही ती श्रद्धा की सवय? सावेडीकर, त्या वर्षात तुमचा विश्वास नव्हताच, असं सरळ म्हणायला काय हरकत आहे?

सावेडीकर

@कोरडा_चहा, काहीच हरकत नाही. नव्हताच. मी तेच म्हणतोय. माझा नव्हता, त्यांचा होता, आणि तेवढ्यावर त्यांनी मला बसू दिलं. "आधी विश्वास आण, मग ये" म्हणाले असते तर मी आज हा धागा काढला नसता.

सवय की श्रद्धा, हे मलाही नेमकं सांगता येत नाही. बुधवार आला की साडेसातला भिंतीला टेकून बसायची सवय होती हे नक्की. ती नसती तर दुसरं काही परत यायला जागाच उरली नसती.

जुनं_पुस्तक

कोरडा_चहा यांचा प्रश्न जुना आहे, त्यावर माणसं दोन-तीनशे वर्षं झगडलीत. थोडा इतिहास उगाळतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या 'क्लास मीटिंग'ची, म्हणजे छोट्या गटांच्या सभांची, सुरुवात भक्तीतून नव्हे, कर्जातून झाली. १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना ती कुठून परवडणार? तेव्हा पहिला म्हणाला, बाराएक माणसांचा गट मला द्या, त्यातले सगळ्यात गरीब माझ्याकडे द्या, जे देऊ शकणार नाहीत त्यांची पेनी मी भरतो. मग असे आणखी गट पडले आणि गटप्रमुख पेनीसाठी घरोघर जाऊ लागले. जाऊन बघतात तो काय, कुणी दारू पिऊन पडलेला, कुणाच्या घरी भांडण, कुणी आजारी. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या ध्यानात आलं की पेनीपेक्षा हे दार ठोठावणंच मोलाचं आहे. कर्ज मागे राहिलं आणि गट टिकले. म्हणजे बघा, हिशेबाच्या वहीतून जवळीक निघाली.

आपल्याकडचं सांगायचं तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं. १९०५ च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी कोण कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. तिथल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्या वर्षी तिथे उसळलेल्या धार्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यातलं अद्भुत तेवढं लोक चघळतात. मला मात्र त्या आधीच्या महिन्यांचं नवल वाटतं. जिचं कुणी उरलं नाही अशी मुलगी पहाटे उठून शेजारच्या मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करते.

आणि रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं लक्ष्मीबाईंची जी ओढाताण झाली ती त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. एका छपराखाली राहून स्वतःचं सोवळं जपणाऱ्या बाईला नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कसं वागवलं हे त्यात वाचायला मिळतं. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत होते आणि न घेतलेलेही. दोन वर्षांत, १९१९ ला, ते वारले, त्यामुळे तो दरबार पुरता फुलला नाही. तरी प्रश्न त्यांनी बरोबर धरला होता, असं माझं मत : येशूभोवती बसायला आधी दारावर कोणता कागद दाखवायचा?

स्पष्टच_बोलतो

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो.

आपल्या घरसभांत आडनाव विचारून जात काढतात की नाही? "तुमचे मूळचे कुठले?" हा प्रश्न कशासाठी असतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. लग्न जमवताना तर उघडच. आमच्या भागात एकाच पंथाच्या दोन घरसभा होत्या, एकाच रस्त्यावर, एकाच वारी. का होत्या ते लहान पोरालाही ठाऊक होतं. एकमेकांना आधार द्यायच्या गप्पा मारायच्या तर आधी कोण कोणाच्या घरी पाणी पितं ते बघा.

मोगरा_७२

स्पष्ट, बोललात ते खरं आहे. आवडलं नाही, पण खरं आहे.

सावेडीकर

@स्पष्टच_बोलतो, मान्य. म्हणूनच पाळी सगळ्या पाच घरांत लावायची आणि पहिली माझ्याकडे नको असं वाटतंय. मिरजेच्या नर्सबाईंना विचारतो. त्यांचा वन रूम किचन आहे, पण आपण काही वऱ्हाड घेऊन जात नाही.

वाळवंटी_आंबा

शारजाहून लिहितोय. एकोणीस वर्षं इथे.

इथे चर्चच्या आवारात एकाच दिवशी कितीतरी भाषांच्या उपासना होतात, प्रत्येकाची वेळ ठरलेली. मल्याळी निघतात, तमिळ शिरतात, पाठोपाठ फिलिपिनो. आम्ही मराठी मूठभर, आम्हाला वेळ कुठली मिळायला, म्हणून घरीच जमतो. वर्षानुवर्षं शुक्रवार आमचा रविवार होता. २०२२ पासून इथे रविवारचीही सुट्टी मिळू लागली, तेव्हा पहिल्या खऱ्या रविवारी सगळे इतके गोंधळलो की निम्मे शुक्रवारीच आले. 😄

एक सांगतो. परदेशात नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि माणूस ते लपवतो. आमच्यातल्या एकाची गेली, त्याने दीड महिना कुणाला कळू दिलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि मॉलमध्ये बसायचा. सभेत विनंत्यांच्या वेळी "सर्व ठीक, प्रभूची कृपा." कळलं कसं? त्याच्या मुलाने आमच्या मुलाला सांगितलं की बाबा आता चप्पल घालून ऑफिसला जातात. आमच्यापैकी दोघे त्याच रात्री त्याच्याकडे गेलो. प्रार्थना नंतर केली, आधी त्याचं भाडं किती थकलंय ते कागदावर मांडलं. एकमेकांची ओझी वाहा असं बायबलात पौलाच्या गलतीकरांस पत्रात आहे ना, त्या दिवशी ते ओझं दिरहमात लिहिलेलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे "सर्व ठीक" चालत नाही. निदान एक गोष्ट सांगायचीच, मग ती दाढदुखी का असेना.

जुनं_पुस्तक

गलतीकरांस पत्राच्या त्याच सहाव्या अध्यायात, तीन ओळी खाली, "प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिलाच पाहिजे" असंही आहे. पौलाला विसर पडला नव्हता. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, एक चिरडून टाकणारं वजन, दुसरं प्रवाशाचं आपलं गाठोडं. घरसभेत भांडणं होतात ती बहुतेक वेळा कुणाचं गाठोडं उचलायला गेल्यामुळे आणि कुणाचं वजन गाठोडं समजून सोडून दिल्यामुळे.

कोरडा_चहा

चप्पल घालून ऑफिसला जाणारा माणूस डोक्यातून जात नाहीये. काढला का मार्ग त्याने पुढे?

वाळवंटी_आंबा

दुसरी नोकरी मिळाली, अबुधाबीत. दर महिन्याला येतो. डबा आणतो सगळ्यांसाठी (मारी बिस्किटांचा नियम इथे लागू नाही, पेटीमास्तर माफ करा).

अप्पर_बर्थ

मिझोरामात ऐझॉलला चार वर्षं पोस्टिंग होतं, तिथलं एक. मिझो घरात भात शिजवायला घेतला की बाई आधी मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. त्याला बुहफाई थाम म्हणतात. ते तांदूळ चर्चमध्ये जमा होतात, विकून काम चालतं. आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं, एखाद्या दिवशी घरातच तांदूळ कमी असला तर? म्हणाल्या, मूठ लहान करायची.

सोसायटीबद्दल : आधीच सांगा. किती जण, कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत, स्पीकर नाही. लेखी. हल्ली कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. आणि चपला जिन्यात नकोत, दाराच्या आत घ्या. तक्रार देवाबद्दल होत नाही, चपलांबद्दल होते.

सावेडीकर

(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, खाली हालहवाल.

सेक्रेटरींना पत्र दिलं. ते म्हणाले, "नऊला संपणार ना? मग काय हरकत आहे. आमचं भजनी मंडळ तर दहापर्यंत चालतं." मी उगाच आठवडाभर मनात वकिली करत बसलो होतो.

पंधरा दिवसांनी, बुधवारीच ठेवली. पहिली सभा नर्सबाईंच्या घरी. पाच घरांतून तीनच आली, माणसं सात आणि माझी मुलगी. वसईच्या काकांना आपली गाणी येत नाहीत, आम्हाला त्यांची नाहीत, शेवटी दोन्हीकडे चालणारं नाताळचं एक सापडलं आणि भर जुलैत ते म्हटलं. खालून जाणाऱ्या वॉचमनने वर बघितलं.

मोगरातैंचा नियम वाचून दाखवला. नवऱ्याला सांगायचं नाही यावर बायकोने माझ्याकडे बघितलं, पण मान हलवली. "सर्व ठीक" बंद, हेही सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोलेना. मग नर्सबाई म्हणाल्या, नाइट ड्यूटीवरून सकाळी आल्यावर कुलूप उघडताना आतून कुणाचा आवाज येत नाही याची त्यांना अजून सवय झालेली नाही. अकरा वर्षं झाली त्यांच्या मिस्टरांना जाऊन. आम्हाला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून बोललो नाही. वसईच्या काकू उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, हे मला बायकोकडून कळलं. (नियम मोडला की नाही ते तुम्ही ठरवा.)

नगरहून आई व्हिडिओ कॉलवर होती. नंबर तिनेच सांगितला. नेट असं की ती अख्खं गाणं अर्धी ओळ मागून म्हणत होती. मुलगी दोनदा आवाज बंद करायला धावली, दोन्ही वेळा वसईच्या काकांनी तिचा हात धरला.

चहा आणि मारी. मुलगी विचारत होती, खारी कुठाय.

आता एकच नड आहे. मोबाइलवरच्या सुरावर गाणं जमत नाही. कुणाकडे जुनी पेटी पडून असेल तर कळवा, एखादी पट्टी अडकत असली तरी चालेल.

पेटीमास्तर

आहे एक. पट्ट्या ठीक आहेत, भाता जरा गळतो. शनिवारी घेऊन येतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.